खाण्याचे विकार आणि आनुवंशिकता: "घरात आणखी कोणाला होतं का?"

शिशिरपान

माझ्या मुलीला अ‍ॅनोरेक्सिया नर्व्होसा आहे, म्हणजे खायची भीती वाटून खाणं तोडत जाण्याचा आजार. १४व्या वर्षी सुरू झाला, आता ती १७ वर्षांची आहे आणि गेले आठ महिने बरी आहे. पहिल्याच तपासणीत डॉक्टरांनी विचारलं होतं, "घरात आणखी कोणाला असं काही होतं का?" मी ठामपणे नाही म्हटलं. ते उत्तर चुकीचं होतं, म्हणून हा धागा.

एका रात्री तिच्या ताटासमोर बसून पाऊण तास झाला होता. ती घास बोटांनी बारीक बारीक करत होती, आणि मला एकदम मावशी आठवली. आईची धाकटी बहीण. सगळ्यांना आग्रह करकरून वाढायची आणि स्वतः "मी मघाशीच जेवले" म्हणायची. जन्मभर काटकुळी. सगळे तिचं कौतुक करायचे. किती कमी खाते, किती कामसू, क्षणभर बसत नाही. तरुणपणी तिची पाळी कित्येक वर्षं बंद होती, हे आईने मला आत्ता सांगितलं. तिला कुणी आजारी म्हटलं नाही, त्यामुळे डॉक्टरकडे न्यायचा प्रश्नच आला नाही.

तेव्हापासून जमेल तसं वाचते आहे. जे कळलं ते लिहिते, चुकलं तर सांगा.

हा आजार कुटुंबांतून फिरतो हे आता पक्कं आहे. अ‍ॅनोरेक्सिया असलेल्या व्यक्तीच्या आई, बहिणी, मुली यांना तो होण्याची शक्यता इतरांच्या सुमारे ११ पट असल्याचं २००० साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात दिसलं. पण एका घरात वाढलेली माणसं एकमेकांचं पाहूनही शिकतात, म्हणून नुसतं कुटुंब पाहून भागत नाही. तिथे जुळी मुलं उपयोगी पडतात. एकबीज जुळ्यांची जनुकं जवळजवळ सारखी असतात, द्विबीज जुळ्यांची सख्ख्या भावंडांइतकी, म्हणजे सरासरी निम्मी. घर मात्र दोघांना एकच. १९८८ साली ब्रिटनमध्ये झालेल्या छोट्या अभ्यासात एकबीज जोड्यांपैकी ५६ टक्के जोड्यांत दोघी बहिणींना अ‍ॅनोरेक्सिया होता, द्विबीज जोड्यांत ५ टक्के. नंतरच्या मोठ्या अभ्यासांतून आनुवंशिकतेचा वाटा साधारण ५० ते ६० टक्के असल्याचं पुढे आलं. बुलिमिया (भरमसाट खाऊन मग उलटीसारख्या मार्गाने ते बाहेर काढणं) आणि बिंज ईटिंग (ताबा सुटून भरमसाट खाणं) यांमध्येही तो बऱ्यापैकी मोठा आहे.

हे वाचल्यावर मी रडले. तीन वर्षं मी स्वतःला विचारत होते की माझं काय चुकलं. कधी तिला जाडी म्हटलं का, माझ्या आरशासमोर उभं राहण्याचा परिणाम झाला का, अभ्यासाचा ताण दिला का. आणि असं विचारणारी मी एकटी नव्हते. एका समुपदेशकांनी पहिल्याच भेटीत "आई फार नियंत्रण ठेवते" असं लिहून दिलं होतं. ते वाक्य अजून टोचतं.

विनंती: वजनाचे आकडे, उष्मांक, "मी काय काय करायचे" असले तपशील कृपया कुणी लिहू नका. आजारी मुलंही हे वाचतील.

कोवळं ऊन

ताई, लिहिलंत हे फार बरं केलंत. माझ्या मोठ्या बहिणीला बुलिमिया होता, मला कॉलेजात असताना बिंज ईटिंग. आम्ही दोघी ते एकमेकींपासून लपवत होतो आणि एकाच खोलीत झोपत होतो. पण आजार वेगळे होते ना? मग तो वारसा कसा म्हणायचा?

शिशिरपान

कोवळं ऊन, एकाच घरात वेगवेगळे विकार दिसणं नेहमीचं आहे. अ‍ॅनोरेक्सिया असलेल्यांच्या नातेवाइकांत बुलिमियाही जास्त सापडतो, आणि एकाच व्यक्तीचा आजार काही वर्षांनी एका प्रकारातून दुसऱ्यात जाऊही शकतो. वारशाने येतो तो कल असं मला समजलं आहे. त्याला कुठलं रूप येईल ते पुढचं आयुष्य ठरवतं.

जुना वटवृक्ष

तुमच्या मुलीच्या प्रकृतीला आराम पडतोय हे वाचून आनंद झाला. तरी एक शंका मांडतो, राग मानू नये. आमच्या तरुणपणी हे आजार ऐकिवात नव्हते. जनुकं काही दोन पिढ्यांत बदलत नाहीत. पडद्यावरची हडकुळी शरीरं, मोबाइल, आरशाऐवजी कॅमेरा, हे बदललं. मग दोष जनुकांवर टाकून आपण खरं कारण झाकत नाही ना?

आकडेमोड

वटवृक्षकाका, शंका रास्त आहे, पण दोन गोष्टी वेगळ्या करू.

ऐकिवात नव्हते म्हणजे नव्हतेच असं नाही. लंडनचे डॉक्टर विल्यम गल आणि पॅरिसचे डॉक्टर शार्ल लासेग यांनी १८७३ साली, एकमेकांपासून स्वतंत्रपणे, या आजाराचं वर्णन केलं. तेव्हा सिनेमाही नव्हता. गल यांनी पुढच्या वर्षी 'अ‍ॅनोरेक्सिया नर्व्होसा' हे नाव रूढ केलं. बुलिमिया नर्व्होसाचं वर्णन जेराल्ड रसेल यांनी १९७९ साली केलं, आणि बिंज ईटिंगला अमेरिकी मानसोपचार संघटनेच्या निदानसूचीत स्वतंत्र विकाराचं स्थान मिळालं ते थेट २०१३ साली. ताईंच्या मावशींना कुणी आजारी म्हटलं नाही त्याचं एक कारण हेही असेल, की त्यांच्या भोवतालच्या माणसांकडे त्या आजाराला नावच नव्हतं.

परिस्थितीचा वाटा मात्र खराच आहे, आणि त्याचं सर्वांत बोलकं उदाहरण पॅसिफिक महासागरातल्या फिजी बेटांचं. तिथल्या नाद्रोगा भागात टीव्ही १९९५ साली आला. संशोधक अ‍ॅन बेकर यांनी तेव्हा आणि तीन वर्षांनी शाळकरी मुलींना तेच प्रश्न विचारले. वजन आटोक्यात ठेवण्यासाठी मुद्दाम उलटी करणाऱ्या मुली १९९५ साली शून्य होत्या, १९९८ साली ११.३ टक्के. जनुकं तीन वर्षांत बदलली नाहीत, तुमचं म्हणणं बरोबर.

पण टीव्ही बहुतेक घरांत पोचला होता आणि बहुसंख्य मुलींनी हे केलं नाही. ज्यांनी केलं त्यांनीच का? जनुकांचा प्रश्न इथे सुरू होतो.

"५० ते ६० टक्के" याबद्दलही सांगतो, कारण हा आकडा हमखास चुकीचा वाचला जातो. त्याचा अर्थ "मुलीला आजार होण्याची शक्यता ६० टक्के" असा नाही. "तुमच्या मुलीच्या आजारातला ६० टक्के भाग जनुकांचा" असाही नाही. एका समाजातल्या माणसा-माणसांत या आजाराच्या बाबतीत जो फरक दिसतो, त्यातला किती फरक जनुकांच्या फरकामुळे आहे, एवढंच तो सांगतो. समाज बदलला की आकडा बदलतो. एकाच मातीत निरनिराळी बियाणं पेरली तर रोपांच्या उंचीतला जवळजवळ सगळा फरक बियाण्याचा. तीच बियाणं अर्धी खडकावर टाकली की मातीचा वाटा वाढला, बियाणं तेच असूनही.

११ पट वाचूनही हबकू नका. मूळ प्रमाणच इतकं लहान आहे की ११ पट होऊनही बहुतेक नातेवाइकांना हा आजार होत नाही. आणि १९८८ च्या ज्या अभ्यासाचा ताईंनी उल्लेख केला त्यातला उरलेला आकडाही पाहा. एकबीज जोड्यांपैकी ४४ टक्के जोड्यांत, जनुकं सारखी असूनही, एक बहीण आजारी पडली आणि दुसरी नाही.

प्रश्नांकित

मग ते जनुक कुठलं? चाचणी करता येते का? मला दोन लहान मुली आहेत, माझ्या नणंदेला हा त्रास होता.

आकडेमोड

असं एक जनुक नाही. १९९०च्या दशकात संशोधक एकेका जनुकावर बोट ठेवत, विशेषतः सेरोटोनिन या मेंदूतल्या रसायनाशी संबंधित. ते निष्कर्ष पुढच्या मोठ्या अभ्यासांत टिकले नाहीत. आता पद्धत उलटी आहे. आधीपासून कुठलाही संशय न धरता हजारो आजारी आणि निरोगी माणसांचा अख्खा जीनोम, म्हणजे सगळी जनुकीय माहिती, चाळायचा. २०१७ साली अशा पाहणीत १२व्या गुणसूत्रावर पहिली खात्रीची जागा सापडली. २०१९ साली नेचर जेनेटिक्समध्ये आलेल्या अभ्यासात १७ देशांतले १६,९९२ रुग्ण आणि ५५,५२५ निरोगी लोक होते. त्यात आठ जागा सापडल्या.

प्रत्येक जागेचा परिणाम अगदी किरकोळ. शेकडो, कदाचित हजारो बारीक फरक मिळून कल तयार होतो. त्यामुळे तुमच्या मुलींच्या बाबतीत काही ठरवता येईल अशी चाचणी आज नाही. कुणी विकत असेल तर पैसे देऊ नका. शिवाय त्या अभ्यासातली सगळी माणसं युरोपीय वंशाची होती, म्हणजे इतर वंशांच्या लोकांना त्यातले निष्कर्ष तसेच्या तसे लावताही येत नाहीत. नणंदेचा इतिहास तुम्हाला माहीत आहे, तो आज कुठल्याही चाचणीपेक्षा जास्त उपयोगाचा.

शिशिरपान

२०१९ च्या त्याच अभ्यासातल्या ज्या गोष्टीने माझी नजर बदलली, ती जरा सविस्तर लिहिते.

अ‍ॅनोरेक्सियाची जनुकीय नाळ ओसीडी (तोच विचार, तीच कृती पुन्हा पुन्हा करायला लावणारा विकार), नैराश्य, चिंता यांच्याशी जुळली, हे अपेक्षितच होतं. माझी मुलगी आजारी पडायच्या कितीतरी आधी वह्यांच्या कडा जुळवत बसायची. पण नाळ आणखी एकीकडे जुळली, ती शरीराच्या चयापचयाशी. अ‍ॅनोरेक्सियाचा कल वाढवणारे जे जनुकीय फरक, तेच सरासरीने कमी इन्सुलिन, टाइप २ मधुमेहाचा कमी धोका, 'चांगलं' म्हणतात ते एचडीएल कोलेस्टेरॉल जास्त आणि शारीरिक हालचाल जास्त, यांच्याशी निगडित निघाले. अंगकाठी बारीक असण्याशी जुळणारे जनुकीय फरक बाजूला काढूनही यातला बराचसा संबंध उरला. म्हणून संशोधक म्हणू लागले की हा आजार मनाचा आहे तसाच चयापचयाचाही मानायला हवा.

हे वाचून मला तिचं चालणं आठवलं. अंगात त्राण नसताना ती घरात येरझारा घालायची. मी चिडायचे, "बस ना एका जागी!" मला तो हट्ट वाटायचा. मावशीसुद्धा बसायची नाही. तिला आम्ही कामसू म्हणत आलो.

दीपमाळ

मी पुरुष आहे, वय ३१. १९ ते २४ अ‍ॅनोरेक्सिया होता. निदानाला दोन वर्षं लागली कारण मुलग्याला हे होतं हे कुणाच्या डोक्यातच आलं नाही, माझ्याही.

माझी सुरुवात बारीक दिसण्याच्या हौसेने झाली नाही. पळण्याच्या स्पर्धेची तयारी करत होतो, सराव वाढला, तेवढं खाणं झालं नाही. काही आठवड्यांत एक विचित्र गोष्ट घडली. डोक्यातली घरघर थांबली. लहानपणापासून माझ्या छातीत सतत काहीतरी धडधडत असायचं, ते शांत झालं. इतर लोक उपाशी राहिले की चिडचिडे होतात, मी निवांत झालो. मला वाटलं, मला औषध सापडलं. ते सोडून दे म्हणणारा प्रत्येक जण मला शत्रू वाटायचा, अगदी आईसुद्धा.

उपचारात असताना डॉक्टरांनी सांगितलं की काही माणसांच्या मेंदूत उपासमारीने चिंता शमते, आणि हा फरक बहुधा जन्मजात असावा असं संशोधक मानतात. त्याच्या उलट बाजूची गोष्ट म्हणून त्यांनी मिनेसोटाचा प्रयोग सांगितला. १९४४-४५ साली अमेरिकेतल्या मिनेसोटात संशोधक अ‍ॅन्सेल कीज यांनी ३६ निरोगी तरुणांना २४ आठवडे अर्धपोटी ठेवलं होतं. ते खिन्न झाले, चिडखोर झाले, रात्रंदिवस अन्नाचाच विचार करू लागले, पाककृती जमवू लागले. पोटभर मिळायला लागल्यावर खात सुटले. भुकेला बहुतेक शरीरं असं उत्तर देतात. माझ्या शरीराने वेगळं दिलं, आणि ते मी निवडलेलं नव्हतं. हे कळल्यावर पहिल्यांदा मी "मी वाईट मुलगा नाही" असं स्वतःशी म्हणू शकलो.

मिनेसोटावरून दुसरंही कळलं. माझ्यातलं बरंचसं जे मला 'मी' वाटायचं, हट्टीपणा, तुटकपणा, ताटाभोवतीचे नियम, ते उपासमारीचंच लक्षण होतं. वजन भरल्यावर त्यातलं बरंच गळून पडलं. चिंता राहिली. तिच्यासाठी आजही औषध आणि समुपदेशन चालू आहे.

कोवळं ऊन

दीपमाळ, "डोक्यातली घरघर थांबली" वाचून अंगावर काटा आला. मला ती खाताना थांबायची. तेवढ्यापुरती.

वाटेवरचा दगड

मला मात्र या चर्चेची भीती वाटते, स्पष्टच सांगतो. माझ्या मुलाने कुठेतरी हे वाचलं आणि म्हणाला, "बाबा, माझ्या रक्तातच आहे, मग कशाला धडपडायचं?" त्या दिवशी त्याने ताट परत केलं. आईवडिलांना दिलासा मिळतो हे ठीक, पण आजारी मुलाच्या हातातून आशा गेली तर तो दिलासा काय कामाचा?

शिशिरपान

दगड, तुमची भीती मी हलकी घेत नाही. माझ्या मुलीलाही मी लगेच सांगितलं नव्हतं. वजन सावरेपर्यंत थांबले, कारण त्याआधी तिच्या मनाने प्रत्येक माहितीचं हत्यारच केलं असतं. तुमच्या मुलाने जे केलं ते त्याच्या आजाराने केलं. त्याच्या हाती दुसरं काही सापडलं असतं तर त्याचंही हेच झालं असतं.

आकडेमोड

आनुवंशिक म्हणजे अटळ, हे समीकरणच चुकीचं आहे. फिनाइलकीटोनूरिया हा आजार पूर्णपणे जनुकीय आहे, एकाच जनुकातल्या बिघाडाने होतो. उपचार न झाल्यास बाळाच्या मेंदूची कायमची हानी होते. उपचार काय, तर जन्मतःच ओळखून आहारातलं एक विशिष्ट अमिनो आम्ल अगदी कमी ठेवायचं. एवढ्याने मूल नीट वाढतं. अ‍ॅनोरेक्सिया तितका सरळ नाही, पण कारण जनुकांत असलं तरी उपाय ताटात असू शकतो हे मुलाला सांगता येईल.

गवतफूल

मी आहारतज्ज्ञ आहे, खाण्याच्या विकारांच्या रुग्णांबरोबर बरीच वर्षं काम करते. दगड, मुलाने पुन्हा ताट परत केलं तर त्याच्याशी जनुकांवर वाद घालू नका. त्या क्षणी युक्तिवाद पोचत नाही. शेजारी बसा, कमी बोला, पुढचं जेवण वेळेवर समोर ठेवा. सलग काही वेळा घेतलंच नाही तर वाट न पाहता डॉक्टरांना कळवा.

आता घराण्यात इतिहास असलेल्यांसाठी, प्रश्नांकित यांनी विचारलं म्हणून. जन्मजात कल बदलता येत नाही, पण ठिणगी बहुतेक वेळा एकच असते. खर्च होते त्यापेक्षा कमी ऊर्जा पोटात जाणं. कारण काहीही असो. डाएट, दीपमाळ यांच्यासारखा सराव, लांबलेलं आजारपण, दातांच्या उपचारामुळे खाता न येणं. ज्या घरात हा वारसा आहे तिथल्या मुलाने "मी हेल्दी खायला लागलो" म्हणत प्रकार कमी करत नेले, तर कौतुक करू नका, लक्ष ठेवा. आजारपणात उतरलेलं वजन लवकर भरून काढा. वाढत्या वयात वजन वाढायलाच हवं, ते नुसतं थांबलं तरी इशारा समजा. आणि मूल दिसायला बारीक नसलं तरी आजार गंभीर असू शकतो.

मुलींच्या बाबतीत वयात येण्याचा काळ जास्त जपा. अमेरिकेतल्या मिशिगनच्या संशोधक केली क्लम्प यांच्या जुळ्यांवरच्या अभ्यासांत असं दिसलं की वयात येण्याआधी मुलींच्या विस्कटलेल्या खाण्यात जनुकांचा वाटा जवळजवळ शून्य असतो, नंतर तो निम्म्यापर्यंत चढतो. बीजकोशातली संप्रेरकं तो कल जागा करत असावीत असं त्यांचं म्हणणं आहे. मुलग्यांत अशी उडी दिसत नाही, त्यांच्यात वाटा आधीपासूनच असतो.

एक धोक्याची सूचना द्यायलाच हवी. खूप दिवस फार कमी खाल्लेल्या माणसाला घरी एकदम भरपूर खाऊ घालू नका. रक्तातलं फॉस्फेट झपाट्याने उतरतं, हृदय बंद पडू शकतं. आधी डॉक्टर, रक्ततपासणी, हृदयाचा आलेख, मग त्यांच्या देखरेखीखाली आहार वाढवायचा. अ‍ॅनोरेक्सियामध्ये मृत्यूचं प्रमाण त्याच वयाच्या इतर लोकांच्या पाचपटीहून अधिक आढळलं आहे. हलक्यात घ्यावा असा हा आजार नाही.

आणि शिशिरपान, त्या समुपदेशकांच्या वाक्याबद्दल. रुग्णाची काळजी घ्यायला नातेवाईक सर्वांत नालायक, असं मत खुद्द गल यांनीच नोंदवलं होतं. ते शंभर वर्षं चिकटून राहिलं, मुलांना आईवडिलांपासून तोडून ठेवलं गेलं. १९८०च्या दशकात लंडनच्या मॉड्सली रुग्णालयात उलट करून पाहिलं. आईवडिलांनाच जेवणाची सूत्रं दिली. किशोरवयीन मुलांसाठी आज तीच पद्धत सर्वांत जास्त पुराव्यानिशी उभी आहे. २०१० साली अ‍ॅकॅडमी फॉर ईटिंग डिसऑर्डर्स या संस्थेने जाहीरपणे सांगितलं की कुटुंबाला या आजाराचं मूळ कारण मानणारी मांडणी आम्हाला अमान्य आहे. ते वाक्य तुमच्या फाइलीत राहिलं असेल, पण ज्ञान पुढे गेलं आहे.

जुना वटवृक्ष

सगळं वाचलं. दोनदा वाचलं. माझी एक चुलत बहीण २६व्या वर्षी गेली. 'अशक्तपणा' असं सांगितलं गेलं होतं. तिचं ताट आठवतं. आता जास्त लिहवत नाही.

वाटेवरचा दगड

काका, नमस्कार.

गवतफूल, आभार. काल त्याच्याशेजारी नुसता बसलो. चाळीस मिनिटं लागली. संपवलं.

शिशिरपान

उशिरा लिहिते आहे. रविवारी मावशीला फोन केला. ती आता ६८ वर्षांची आहे. लेकीच्या आजारपणाचं तिला माहीत होतं, पण "अभ्यासाचा ताण" एवढंच आम्ही सांगितलं होतं. या वेळी खरं सांगितलं, आणि मग विचारलं, मावशी, तुला कधी असं व्हायचं का गं?

ती बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, "सगळे म्हणायचे, हिला भूकच नाही. मला भूक लागायची गं. खायची भीती वाटायची."

५० वर्षांत तिला हे कुणी विचारलं नव्हतं. तिने आजाराचं नाव मला दोनदा उच्चारायला लावलं आणि लिहून घेतलं. मागच्या वर्षी घरातल्या घरात पडून तिचं मनगट मोडलं होतं, ते मला तेव्हा साधं वाटलं. इतकी वर्षं कमी खाणं आणि पाळी बंद, म्हणजे हाडांचं काय झालं असेल? येत्या गुरुवारी तिला हाडांच्या घनतेच्या तपासणीला नेते आहे. लेक म्हणाली, मी पण येणार.

डॉक्टरांकडच्या फॉर्मवर कौटुंबिक इतिहासाचा रकाना आहे. मुलीच्या फाइलीतही तो मी परवा जाऊन दुरुस्त करून आले.